ताखीचे दप्तर आणि ताखीचे रक्त

मंगोलियाच्या नैर्ऋत्य भागातील झुंगारी गोबीच्या रुक्ष माळावर 1969 साली एक रानघोडा दृष्टीस पडला आणि त्यानंतर पुष्कळ शोध घेऊनही जेव्हा दुसरा आढळेना, तेव्हा तेथील लोक ज्याला ताखी म्हणतात व रशियन सेनाधिकारी आणि प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांच्या नावाने 1881 साली ज्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तो प्राणी आता प्राणिसंग्रहालयांच्या कुंपणातच काय तो उरला, असे मानणे शास्त्रज्ञांना भाग पडले. ठेंगणा, भक्कम बांध्याचा, मातकट पिवळ्या अंगाचा आणि ताठ उभ्या आयाळीचा हा घोडा पाहिला, म्हणजे आपल्या पागेतल्या घोड्याशी त्याचे नाते लांबचे असावे, हे सहज ध्यानात येते. पाळीव घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रे असतात, ताखीच्या पेशीत 66. मौज अशी, की दोहोंच्या संकरातून 65 गुणसूत्रांचे जे शिंगरू जन्मते ते खेचरासारखे वांझ निपजत नाही. त्याचाही वंश चालतो. पुढचा सारा पेच या सुलभतेतून उद्भवला.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील हौशी जमीनदारांनी आणि प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी मंगोलियातून ताखीची पन्नासाहून अधिक शिंगरे धरून नेली खरी, परंतु त्यांतील बहुतेकांचा वंश पुढे चालला नाही, आणि दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जगात बंदिवासातले अवघे 31 ताखी शिल्लक होते. 1947 साली रानातून धरलेली एक घोडी त्यांत मागाहून आली, ती शेवटची. आज जगात जे सुमारे दोन हजार ताखी आहेत, त्या सर्वांचे मूळ रानातून आणलेल्या 12 प्राण्यांपर्यंत आणि जर्मनीतील हाले येथे त्यांच्यात मिसळलेल्या निदान एका पाळीव घोडीपर्यंत जाऊन थांबते.

इतक्या थोड्या पूर्वजांच्या संततीत नात्यातल्या नात्यात जोड्या लागणे अटळ असते. प्रत्येक प्राण्याच्या अंगी काही सदोष जनुके सुप्तावस्थेत असतात. आई आणि बाप या दोघांकडून तेच सदोष जनुक शिंगराच्या वाट्याला आले, म्हणजे ते प्रकट होते, आणि मग अल्पायुषी शिंगरे, क्षीण प्रजननशक्ती अशा रूपांनी त्याचा उपद्रव कुळाला भोगावा लागतो. यावर उपाय म्हणून प्राग येथील प्राणिसंग्रहालयाने 1959 पासून ताखीची आंतरराष्ट्रीय वंशनोंदवही सांभाळली. कोणता वळू घोडा कोणत्या घोडीचा, कोणत्या साली जन्मला, कोठे रवाना झाला, याची तीत चोख नोंद असल्यामुळे कोणाचा संबंध कोणाशी घडवावा हे देशोदेशींच्या संग्रहालयांना विचारपूर्वक ठरवता येऊ लागले. कारकुनी चिकाटीने एक प्राणिजात तगवल्याचे असे उदाहरण विरळा!

परंतु दप्तरात तेवढेच उतरते, जेवढे लिहिणाराला ठाऊक असते. हालेच्या घोडीच्या वंशजांना अस्सल ताखी म्हणावे की नाही, यावरून पालनकर्त्यांत दीर्घकाळ तट पडले होते आणि काहींनी आपला कळप त्या रक्तापासून कटाक्षाने दूर ठेवला होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात संग्रहालयांत जपलेल्या जुन्या कातड्यांतील आणि हयात ताखींतील संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले, तेव्हा पाळीव रक्ताचे प्रमाण कोणात शून्यवत तर कोणात 31 टक्क्यांपर्यंत आढळले. शिवाय, सुमारे 45 हजार वर्षांपूर्वी दोन्ही शाखा विभक्त झाल्यानंतरही त्यांच्यात रक्ताची देवघेव चालूच राहिली होती, असे निष्पन्न झाले. म्हणजे ज्या निर्भेळ शुद्धतेसाठी भांडण मांडले, ती निसर्गानेच कधी पाळली नव्हती. भीमेच्या खोऱ्यातील ज्या भीमथडी घोड्यांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या आणि ज्यांना अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून सरकारमान्यता लाभली, तेही दख्खनी तट्टे आणि अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून घडले, असे मानतात. माझ्या मते पालनकर्त्याने शुद्धतेपेक्षा वैविध्याची चिंता अधिक वाहावी. अर्थात याला मर्यादा आहे. 1992 पासून मंगोलियात हुस्ताई आणि ताखीन ताल येथे ताखी पुन्हा मोकळे सोडण्यात आले, आणि तेथील गुराख्यांच्या घोड्यांशी संकर होत राहिला तर दोन-चार पिढ्यांत ताखी नावापुरताच उरेल. म्हणून तेथे रक्ताची परीक्षा हे पहारेकऱ्याचेच काम ठरते.

वैविध्य एकदा लोपले म्हणजे ते परत आणता येत नाही, या समजुतीला मात्र अलीकडे तडा गेला आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथे कुर्ट बेनिर्श्के या वैद्यकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सत्तरीत प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवण्याचा उपक्रम आरंभला, तेव्हा त्यांचा पुढे काय विनियोग होईल याची कोणाला कल्पना नव्हती. कुपोरोविच नावाच्या वळू घोड्याच्या पेशी तेथे 1980 साली ठेवल्या गेल्या. हा घोडा 1998 साली मरण पावला, पण त्याच्या पूर्वजांचे जे जनुकधन आजच्या कळपांत दुर्मीळ झाले आहे, ते त्या पेशींत सुरक्षित होते. त्यांतील एका पेशीचे केंद्रक पाळीव घोडीच्या बीजांडात रोवून तयार केलेला गर्भ पाळीव घोडीच्याच उदरी वाढवण्यात आला आणि 6 ऑगस्ट 2020 रोजी टेक्सासमध्ये जे शिंगरू जन्मले, त्याचे नाव बेनिर्श्के यांच्या स्मरणार्थ कुर्ट असे ठेवले गेले. एक शंका येथे रास्त ठरते: बीजांड पाळीव घोडीचे, मग तिचा काही अंश वंशात उतरणार नाही काय? बीजांडातील मायटोकॉन्ड्रिया नामक सूक्ष्म घटकांचे जनुक केवळ आईकडून संततीत जातात. कुर्ट नर असल्यामुळे तो अंश त्याच्यापाशीच संपेल. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच पेशींपासून ऑली हा दुसरा नर जन्मला.

कुर्टला त्याच्या पूर्वजाचे जनुक जसेच्या तसे मिळाले, तरी ताखीचे रीतिरिवाज मिळाले नाहीत, कारण त्याला वाढवणारी घोडी पाळीव होती. कान मागे वळवणे म्हणजे काय, पुढे कोणी व्हावे आणि मागे कोणी सरावे, हे त्याला शिकवण्यासाठी सॅन डिएगोच्या पालकांनी हॉली नावाची ताखी जातीची एक तरुण घोडी त्याच्या सोबतीला दिली.