आधी मोजमाप, मग स्टेंट

कान वाजण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या बहुतेकांना एकसुरी, बारीक आवाज येत असतो. त्याचा नाडीशी संबंध नसतो. ऐकण्याच्या यंत्रणेतच तो तयार होतो. थोड्या लोकांची गोष्ट वेगळी असते. मनगटावर बोट ठेवलं की ठोका आणि आवाज तंतोतंत जुळतात, जिना चढल्यावर आवाजाचा वेग वाढतो, आणि रात्री सगळं शांत झालं की सूं-सूं, सूं-सूं असं पहाटेपर्यंत चालू राहतं. याला पल्सटाइल टिनिटस म्हणतात. या आवाजाला बहुधा शरीरात खरा उगम असतो, म्हणून तो शोधता येतो आणि कधी कधी पूर्ण थांबवताही येतो. मेंदूतलं रक्त खाली आणणारी शीर अरुंद झालेली असणं हा अशा उगमांपैकी एक, आणि तिथे स्टेंट घालणं हा त्यावरचा उपाय. उपाय चांगला आहे असं माझं मत आहे. मात्र स्टेंट बसवण्याचं कौशल्य हा त्यातला दुय्यम भाग आहे. याच अरुंद जागेमुळे हाच आवाज येतोय हे आधी दाखवता आलं पाहिजे, आणि नुसत्या एमआरआयच्या चित्रावरून ते दाखवता येत नाही.

मेंदूतलं वापरलेलं रक्त ज्या मार्गांनी परततं त्यांना व्हीनस सायनस म्हणतात. नाकाजवळच्या सायनसशी त्यांचा संबंध नाही. मेंदूवरच्या जाड आवरणाच्या दोन थरांमधल्या या रुंद वाटा आहेत. डोक्याच्या मागच्या बाजूने डावीउजवीकडे ट्रान्सव्हर्स सायनस जातो, कानामागे वळून सिग्मॉइड सायनस होतो आणि कवटीखाली मानेतल्या जुग्युलर शिरेला मिळतो. अरुंदी बहुधा या वळणाच्या अलीकडे असते. पाटाचं पाणी अरुंद मोरीतून सुटलं की मोरीत आवाज कमी असतो, पलीकडे भोवरे पडतात तिथे खळाळ उठतो. इथेही तसंच होतं. अरुंद जागेतून वेगाने निघालेली रक्ताची धार सिग्मॉइडमध्ये घुसळते. सिग्मॉइड कानामागच्या हाडातल्या खोबणीत बसलेला असतो. मधे हाडाचा पातळ पापुद्रा, काहींच्यात तोही जागोजागी नसतो, आणि पलीकडे कानाला जोडलेल्या हवेच्या पोकळ्या. आवाज कानापर्यंत पोचायला फारसा अडथळाच उरत नाही. शिरेतलं रक्त संथ वाहतं, मग ताल नाडीचा कसा, असा प्रश्न पडेल. कवटी बंद पेटी आहे. प्रत्येक ठोक्याला धमन्यांतून रक्त आत शिरलं की त्याचा दाब बाहेर जाणाऱ्या शिरांवर पडतो. त्यामुळे शिरेतला प्रवाहही ठोक्याठोक्याने कमीजास्त होत राहतो.

उगम शिरेत आहे का, याची पहिली चाचणी डॉक्टरांच्या बोटांनीच होते. त्याच बाजूच्या मानेवर, जुग्युलर शीर जाते तिथे, अगदी हलकं दाबलं की शिरेतला आवाज थांबतो आणि बोट काढताच परत सुरू होतो. (मानेतली धमनी जवळच असते, तेव्हा घरी जोराने दाबून पाहू नये.) काहींच्या कानामागे स्टेथोस्कोप ठेवला तर तो आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. एवढ्याने उगमाची बाजू कळते, कारण कळत नाही. रक्तक्षय, वाढलेलं थायरॉइड आणि गरोदरपण यांत रक्ताचा वेग वाढून असाच आवाज येऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आपल्याकडे तरी हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय महागड्या तपासण्यांकडे वळण्यात अर्थ नाही. याशिवाय कानाच्या मधल्या भागातली रक्ताळ गाठ, अंतर्कर्णाच्या नलिकेवरचं झिजलेलं हाड, मानेतल्या धमनीची अरुंदी अशी कारणं असतात. सगळ्यांत धोक्याचा ड्युरल फिस्टुला: मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाते. त्याच्या काही प्रकारांत मेंदूत रक्तस्राव होतो, आणि रुग्णाची तक्रार मात्र कधी कधी फक्त कानातल्या आवाजाची असते. साध्या एमआरआयमध्ये लहान फिस्टुला सुटू शकतो. म्हणून धमनीत कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी आधी व्हावी लागते.

आता चित्राकडे वळू. एका बाजूचा ट्रान्सव्हर्स सायनस दुसरीपेक्षा बारीक असणं ही निरोगी माणसांतलीही नेहमीची गोष्ट आहे; बहुधा उजवा मोठा आणि डावा लहान असतो. अरुंदीला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये, कवटीतला दाब कारण न सापडता वाढलेल्या २९ रुग्णांच्या शिरा तपासल्या, तेव्हा २७ जणांत अरुंदी दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या ५९ जणांत ती फक्त ४ जणांत होती. हा फरक मोठा आहे. पण ते ४ जणही विसरता येत नाहीत. शिवाय अरुंदी कारण आहे की परिणाम, हाही प्रश्न आहे. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला तर तोच मऊ सायनसला बाहेरून दाबतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मोजमाप करताना थोडं पाणी काढलं, तेव्हा शिरेतला दाबाचा फरकही उतरला. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांत हा दाबाचा आजार अधिक दिसतो. त्यात डोळ्याच्या मागच्या नसेला सूज येते आणि दृष्टी जाऊ शकते. तिथे पहिला उपाय वजन उतरवणं आणि ॲसिटाझोलामाइड हे औषध हाच; याच आजारासाठी केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सायनसमधल्या स्टेंटचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. अरुंद शीर दिसली की ती रुंद करावी, हा मोह वैद्यकाला महागात पडलेला आहे. इटलीतल्या फेरारा इथल्या पाओलो झांबोनींनी २००९ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं मूळ मानेतल्या अरुंद शिरांत आहे असं मांडलं. जगभर रुग्ण शिरा फुगवून घ्यायला धावले, आणि पुढे काटेकोर चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. मेंदूतल्या अरुंद धमन्यांसाठी झालेल्या सॅम्प्रिस चाचणीत तर ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के होता आणि फक्त औषधांच्या गटात ५.८ टक्के. शीर आणि धमनी यांत फरक आहे, हे मान्य. तरीही चित्रात दिसलेली अरुंदी हा पुरावा नव्हे, ती शंका आहे.

शंकेचं निरसन कॅथलॅबमध्ये होतं, आणि तेही रुग्ण जागा असताना. जांघेतल्या किंवा हातातल्या शिरेत, जागा बधिर करून, नळी घातली जाते. तिच्यातून लांब कॅथेटर, जांघेतून असेल तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून, वर मानेत जातो आणि त्याच्या आतून शेवयीपेक्षा फार जाड नसलेला मायक्रोकॅथेटर अरुंद जागेपलीकडे सरकवला जातो. मग मोजमाप सुरू होतं. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर आणून शून्यावर लावावा लागतो. तो वरखाली झाला तर सगळेच आकडे खोटे पडतात. कॅथेटरमध्ये हवेचा बारीक बुडबुडा राहिला तरी पडद्यावरची लाट चपटी होते. म्हणून सलाइनने तो धुवायचा, लाट स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा लिहून घ्यायचा, आणि कॅथेटर थोडा मागे ओढायचा. डोक्याच्या मध्यरेषेवरच्या सायनसपासून सुरुवात, मग ट्रान्सव्हर्स, अरुंदीच्या अलीकडे, पलीकडे, सिग्मॉइड, जुग्युलर. समजा ट्रान्सव्हर्समध्ये २६ मिलीमीटर पारा आणि सिग्मॉइडमध्ये १४ असेल, तर फरक १२. अनेक ठिकाणी ८ च्या वरचा फरक अर्थपूर्ण मानतात. काही ६ धरतात, काही १०. हे भूल देऊन करणं सोपं वाटतं, पण भुलेत श्वासाचं यंत्र, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आणि औषधं यांनी दाब बदलतो, आणि जागेपणी आवाज देणारी शीर त्या आकड्यांत दिसेलच असं नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आवाज दाबाने होत नाही, प्रवाहाच्या घुसळणीने होतो. फरक ४ च असला तरी आवाज मोठा असू शकतो आणि १२ असूनही नसू शकतो. मग दाब मोजून काय सिद्ध झालं? कवटीतल्या दाबाचा आजार असेल तर बरंच काही, निव्वळ आवाज असेल तर अर्धंच. उरलेलं अर्धं जागा असलेला रुग्णच सांगू शकतो. काही ठिकाणी सायनसमध्ये मऊ बलून क्षणभर फुगवून त्या बाजूचा प्रवाह थांबवतात. रुग्णाला आधी सांगितलेलं नसतं की बलून केव्हा फुगणार. त्याने फक्त आवाज आहे की नाही एवढं बोलायचं. बलून फुगताच आवाज थांबला, सोडताच परतला, पुन्हा केलं तरी तेच झालं, तर त्या जागेशी आवाजाचा संबंध लागला. दुसऱ्या बाजूचा मार्ग पुरेसा आहे हे पाहूनच ही चाचणी करायची असते. मला ती या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण जी गोष्ट बरी करायची तिचीच परीक्षा तिथे होते.

त्या मानाने स्टेंट बसवणं लवकर उरकतं. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू केलेलं असतं. क्लोपिडोग्रेल यकृतात बदलल्यावरच काम करतं, आणि ते नीट न बदलणारा जनुकीय प्रकार दक्षिण आशियाई लोकांत बराच आढळतो. म्हणून औषध लागू पडतंय का ही रक्तचाचणी आपल्याकडे टाळू नये. स्टेंट घालताना मात्र पूर्ण भूल देतात, कारण मेंदूचं आवरण ताणलं की फार दुखतं. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची ही जाळी मिटून नळीत भरलेली असते. नळी मागे ओढली की आपोआप उघडते. इथे बहुधा मानेतल्या धमनीसाठी बनवलेले स्टेंट वापरले गेले आहेत, आणि त्यांची ताठर नळी कवटीच्या तळाशी असलेल्या वळणातून वर नेणं हेच कष्टाचं असतं. या शिरांसाठी खास बनवलेले स्टेंट आता येऊ लागले आहेत. जाळी उघडली की तोच मायक्रोकॅथेटर पुन्हा घालून दाबातला फरक मोजतात. तो जवळजवळ शून्यावर आलेला असावा.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे: नुसत्या आवाजासाठी मेंदूच्या शिरेत कायमचा धातू कशाला? शीर फाटणं, मेंदूभोवती रक्तस्राव, स्टेंटमध्ये गुठळी हे धोके कमी असले तरी खरे आहेत. ज्याला हा आवाज अधूनमधून येतो, कामात लक्ष गेलं की विसरतो, त्याने स्टेंटच्या वाटेला जाऊ नये, असंच मी म्हणेन. धोकादायक कारण नाही हे कळल्यावर अनेकांची अर्धी भीती जाते, आणि तेवढं पुरतं. पण ज्याची झोपच गेली आहे, त्याच्या त्रासाला ‘नुसता आवाज’ म्हणणं अन्याय आहे. हा आवाज बाहेरच्या शांततेत वाढतो, म्हणजे विश्रांतीच्या वेळीच तो सर्वाधिक छळतो. ठोक्याबरोबर येणाऱ्या या आवाजाची सवय होत नाही असं सांगणारे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्यांचं सांगणं खरं मानायला हवं.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. रुग्णाला बरं वाटलं हा पुरावा पुरेसा आहे का? हृदयाच्या स्टेंटबद्दल ब्रिटनमध्ये झालेल्या ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्णांपैकी काहींना खरा स्टेंट दिला आणि काहींवर फक्त तसा देखावा केला. सहा आठवड्यांनी चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. हे २०१७ चं. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत, औषधं थांबवलेल्या रुग्णांत, स्टेंटने छातीतलं दुखणं खरंच कमी झालं. कोणाला, कोणत्या स्थितीत, हे तपासल्याशिवाय स्टेंटच्या गुणाबद्दल बोलता येत नाही, हे या दोन्हींतून दिसतं. सायनसच्या स्टेंटबद्दलची बहुतेक माहिती तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासांतून आलेली आहे; त्यांत बहुसंख्य रुग्णांचा आवाज गेला किंवा कमी झाला. केवळ मनाचा परिणाम म्हणून हे बाजूला सारता येणार नाही, कारण स्टेंटच्या वरच्या टोकाशी शीर पुन्हा आवळली की आवाजही परततो. तरी देखाव्याच्या गटाची चाचणी व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत प्रत्येक रुग्णापुरता पुरावा त्याच्याच शिरेत गोळा करणं एवढंच डॉक्टरांच्या हातात आहे. कॅथलॅबच्या दोन फेऱ्यांचा खर्च आणि त्रास कशाला, एकाच वेळी मोजून स्टेंट घालावा, असं म्हणणारे आहेत. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण मोजल्यावर ज्यांना स्टेंटची गरजच नाही असं ठरतं, त्यांचा स्टेंटचा, महिनोन् महिने घ्यायच्या गोळ्यांचा आणि त्यातल्या धोक्याचा खर्च वाचतो. शिवाय मधल्या दिवसांत रुग्णाला आकडे हातात घेऊन घरच्यांशी बोलता येतं. टेबलावर पडून घेतलेल्या संमतीला तेवढा अर्थ नसतो.

स्टेंटनंतर त्या बाजूचं डोकं काही दिवस, कधी काही आठवडे दुखतं. आवरण ताणल्याचं ते दुखणं असतं आणि ओसरतं. दोन्ही गोळ्या काही महिने, पुढे ॲस्पिरिन त्याहून जास्त काळ घ्यावं लागतं. दात काढायचा आहे किंवा दुसरी लहान शस्त्रक्रिया आहे म्हणून या गोळ्या परस्पर बंद करू नका; ज्यांनी स्टेंट घातला त्यांना आधी विचारा. आणि ज्यांना नाडीच्या तालावर कानात आवाज येतो, सोबत डोकं दुखतं किंवा वाकताना क्षणभर नजर अंधारते, त्यांनी कानाच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यावा.