फूल, दोन पानं आणि सिंह

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर एकाही उमेदवाराचं नाव नव्हतं. होती ती फक्त दोन चित्रं. फुलावर शिक्का मारला की गोवा महाराष्ट्रात विलीन. दोन पानांवर मारला की केंद्रशासित, म्हणजे आहे तसाच.

लोकांना असं विचारायची गरजच काय, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. १९६३च्या पहिल्याच निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) जिंकला होता. पक्षाच्या नावातच भूमिका होती. १९६५मध्ये विधानसभेनं विलीनीकरणाचा ठरावही केला. लोकांनी निवडलेल्यांनी कौल दिला, मग आणखी काय हवं? जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स या विरोधी पक्षाचं म्हणणं वेगळं होतं: सरकार निवडणं ही एक गोष्ट, आणि आपला प्रदेश दुसऱ्या राज्यात मिसळून टाकणं ही दुसरी. डिसेंबर १९६६मध्ये संसदेनं ओपिनियन पोलचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आधीच पायउतार झालं.

प्रचारातली एक गंमत सांगायलाच हवी. महाराष्ट्रात जाऊ नका, असं गोवेकरांना रोज सकाळी बजावणारं मडगावचं दैनिक ‘राष्ट्रमत’ चक्क मराठीत निघत होतं. त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गाजलं. भाषेवरून माणसाचं मत ओळखता येतं असं मानणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

निकाल लागला: दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणाच्या विरोधकांत ख्रिस्ती समाज ठळक होता, पण केवळ त्याच्या मतांच्या बळावर हा आकडा उभा राहिला नसता. फरक ३४,०२१चा. विलीनीकरण संपलं.

आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा जिंकलं कोण? बांदोडकर! सिंहाच्या चिन्हावर मगो पुन्हा सत्तेत. ज्या मागणीला जनतेनं जानेवारीत नाकारलं, ती मागणी करणारा पक्षच अडीच महिन्यांत परत आला. हे वाचून मी पहिल्यांदा तारखा पुन्हा तपासल्या होत्या.

थोडा उलगडा मोजणीत आहे. जानेवारीत सगळा गोवा एकत्र मोजला. मार्चमध्ये मतदारसंघ वेगवेगळे मोजले, आणि तिथं निम्म्याहून कमी मतांवरही बहुमत मिळू शकतं, तसं ते मगोला मिळालं. पण खरी गोम प्रश्नातच होती. जानेवारीचा प्रश्न होता, ‘आपण कोण?’ मार्चचा होता, ‘कारभार कोणाच्या हाती द्यायचा?’ कुळांना संरक्षण देणारा कायदा, खेडोपाडी निघालेल्या प्राथमिक शाळा, भाटकारांपुढे, म्हणजे जमीनदारांपुढे, मान वर करून उभा राहिलेला बहुजन समाज, या सगळ्याचं उत्तर सिंहावर शिक्का मारून देता येत होतं. ते फुलावर मारून देता येत नव्हतं.

त्याच वर्षी तिकडे स्वीडनमध्ये उलटा प्रकार घडला. गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालवायच्या की उजवीकडून, यावर १९५५मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल धुडकावला. संसदेनं १९६३मध्ये तरीही तो ठरवला. ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे रस्त्यावरची वाहनं थांबली, सावकाश उजव्या बाजूला गेली, पुन्हा थांबली आणि पाचच्या ठोक्याला नव्या बाजूनं निघाली. शेजारचे नॉर्वे-फिनलंड उजवीकडून चालत होते, स्वीडिश गाड्यांचं स्टिअरिंगही बहुतेक डावीकडेच होतं. ८३ टक्क्यांच्या विरोधात सवयीचा वाटा मोठा असावा.

म्हणून राजकारण्यानं जनमतामागे जावं का, या प्रश्नाला मी सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. रस्त्याची बाजू चुकली तर पुढचं सरकार ती बदलू शकतं, खर्च सोसून का होईना. विलीन झालेला प्रदेश परत वेगळा काढणं महाकठीण. जिथं माघारीची वाट बंद होते, तिथं लोकांना थेट विचारावं आणि आलेलं उत्तर निमूट पाळावं. बाकी ठिकाणी पुढाऱ्यानं पुढं व्हावं आणि पाच वर्षांनी हिशेब द्यावा.

मतपत्रिकेवर न छापलेल्या उत्तरांचं काय, हे मात्र उरतंच. गोव्याच्या त्या कागदावर ‘वेगळं राज्य’ हा पर्याय नव्हता; ते ३० मे १९८७ रोजी मिळालं. त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामासाठी मराठीचीही मुभा ठेवली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.