गुणिले चव्वेचाळीस

एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर, असं फर्मान 19 सप्टेंबर 2025ला अमेरिकेत निघालं आणि भंडाऱ्यात आमच्या वयाच्या लोकांचे फोन वाजू लागले. कुणाचा मुलगा डॅलसला, कुणाचा जावई न्यू जर्सीत. आधीपासून तिथं असलेल्यांना हा भुर्दंड नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडले. पाठोपाठ जुनं पालुपद आलंच: ‘तेव्हा गेले ते तरले.’ किती तरले, याचा हिशेब मात्र गावानं कधी मांडला नाही.

पोरं अमेरिकेला जाऊ लागण्याआधीच्या काळात सांगण्यासारखं फार नाही. नोकऱ्या म्हणजे जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचं सनफ्लॅग, गडेगावचं अशोक लेलँड. पाचव्या वेतन आयोगात केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार 2550 रुपये. पण निर्माणीत क्वार्टर, दवाखाना आणि शेवटी पेन्शन. पगार लहान होता, काळजीही लहान होती.

मग वायटूकेच्या, म्हणजे सन 2000च्या संगणक-दुरुस्तीच्या लाटेत पोरं निघाली. 1998 ते 2008 ही दहा वर्षं मी जवळून पाहिली. 2005च्या सुमारास आमच्या नात्यातला एक जण टेक्सासला 60 हजार डॉलरवर लागला. डॉलर 44चा. त्रिमूर्ती चौकात चहा पिता पिता कुणीतरी मोबाइलवर गुणाकार केला: सव्वीस लाख चाळीस हजार! धानाची आधारभूत किंमत त्या हंगामात क्विंटलला 570 रुपये होती. डोळे पांढरे होणारच.

जागतिक बँकेनं देशोदेशीच्या 2005च्या किमती जमवून जो हिशेब काढला, तो निराळा होता. अमेरिकेत डॉलरभरात जे मिळतं, ते भारतात साधारण 15 रुपयांत मिळत होतं. म्हणजे तिथं राहून तिथंच खर्चलं, तर ते 60 हजार आपल्याकडच्या नऊ लाखांएवढे. नऊ लाखही भंडाऱ्यात थोडे नव्हते. पण सोयरिकी जुळत होत्या त्या सव्वीस लाखांवर.

चव्वेचाळीसचा भाव फक्त मागे उरलेल्या डॉलरला. म्हणून पोरं चौघांत एक फ्लॅट घेत, जुनी गाडी वाटून चालवत आणि भंडाऱ्याच्या खात रोडला प्लॉट घेत. इथल्या मास्तरांना तिथले प्लॉट परवडेनासे झाले, त्याचं खापर मी अजून याच पोरांवर फोडतो. आमचा पठ्ठ्या दाढ दुखली तरी सुट्टीची वाट पाहायचा. ‘काकाजी, तिकडे दातांचा विमा वेगळा लागते,’ म्हणायचा. बॅग घरात टाकली की आधी दातांच्या डॉक्टरकडे.

भरडल्या गेल्या त्या मुली. नागपूरला एम.एस्सी. केलेली मुलगी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामागून जायच्या व्हिसावर गेली की नोकरीची परवानगी नाही. ते दार 2015च्या मे महिन्यात किलकिलं झालं, तेही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. बाळंतपणाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बारा आठवडे रजा, तीही बिनपगारी. हे एकाही मध्यस्थानं बैठकीत सांगितलं नाही. सांगतील कशाला?

आता रोख जर्मनीकडे. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार फेब्रुवारी 2024मध्ये झाला. युरो शंभरीपार, त्यामुळे मोबाइलही काढावा लागत नाही, दोन शून्यं लावली की झालं! एकट्या माणसाच्या पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कर आणि विम्यात जातो, हे ऐकल्यावर तोंडं वाकडी होतात. त्या बदल्यात उपचार, वर्षाला किमान वीस दिवस पगारी रजा, मुलामागे दर महिन्याला भत्ता (2025मध्ये 255 युरो). ते कुणी धरत नाही. दुबईला आयकर नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ. तिथलं घरभाडं आणि शाळेची फी विचारा.

आमचा तो टेक्सासवाला 2009च्या मंदीत परतला, आता पुण्यात आहे. तिथं त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के कापले जात. तिथली पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो. त्याची तेवढी वर्षं भरली नाहीत. दोन देशांत करार असता तर इथली वर्षं जोडता आली असती. तसा करार भारताचा जर्मनीशी आहे, अमेरिकेशी अजून नाही. पैसे तिकडेच राहिले.