सुगंधी तेले आणि उसाची काणी



लागणीचे दिवस जवळ आले की गट ऑफिसात बेण्याबरोबर औषधांचीही चौकशी सुरू होते. अलीकडे त्यात एक प्रश्न हमखास असतो : लवंग, ओवा, गवती चहा यांच्या तेलाने उसाची काणी जाते म्हणतात, ते खरे काय? बाटली पुढे करणारेही भेटतात. म्हणून या अंकात त्याचा खुलासा करीत आहोत.

या तेलांत दम नाही असे मुळीच नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, गवती चहाच्या तेलात सिट्रल, तर खानदेशात पूर्वापार काढल्या जाणाऱ्या रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल हा मुख्य अंश असतो. ही द्रव्ये बुरशीच्या पेशीचे आवरण खिळखिळे करतात, आतला रस बाहेर झिरपतो आणि बुरशी मरते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत हे अनेक बुरशींवर दिसून आले आहे.

मग शेतात अडते कोठे?

पहिले, ही तेले उडून जाणारी आहेत. उन्हात वास गेला की औषधही गेले. गवती चहाचा काढा करून फवारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. उकळताना घरभर दरवळ सुटतो, ते तेलच वाफेबरोबर निघून गेलेले असते.

दुसरे, तेल पाण्यात मिसळत नाही. नुसते ढवळून वापरले तर वर तवंग येतो आणि एखाद्या डोळ्यावर जास्त बसले तर कोंबच करपतो.

तिसरे, खर्च. लवंगेत तेल शेकडा १५ ते २० असते. बेणे बुडवायच्या १०० लिटर पाण्यात एक टक्का तेल घालायचे म्हटले, तर एक लिटर तेल लागेल. त्यासाठी पाच ते सात किलो लवंग हवी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

चौथे कारण सर्वांत मोठे. काणीची बुरशी टिपरीवर बसून राहत नाही, ती डोळ्याच्या आत शिरून दबून राहते. बाहेरून बेणे चांगले दिसते. पुढे शेंड्यातून काळा चाबकासारखा पट्टा निघतो, तेव्हा कळते. त्या पट्ट्यावरची काळी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वारा ते शेजारच्या रानात नेतो. खोडव्यात रोग आणखी वाढतो. वरून लावलेले तेल आतल्या बुरशीपर्यंत पोहोचत नाही.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. एका सभासदाने असे तेल आणले, तेव्हा "करून पाहा, तोटा काय?" असे आम्हीच म्हणालो. त्यांनी तेलावर भरवसा ठेवून बाकीची बेणेप्रक्रिया सोडून दिली. लागणीत थोडे पट्टे दिसले, खोडव्यात मात्र बेटेच्या बेटे काणीची निघाली आणि खोडवा मोडावा लागला. तोटा काय, ते तेव्हा कळले. तेलापेक्षा आमचा सल्ला अधिक महाग पडला.

तेव्हा काणीसाठी खात्रीचे उपाय असे :

(१) बेणेमळ्याचे मूलभूत बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास, किंवा ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवतात. ही उष्णता डोळ्याच्या आत पोहोचते. अशा मळ्यातले नऊ ते अकरा महिन्यांचेच बेणे घ्यावे. खोडव्याचे बेणे वापरू नये.

(२) लागणीपूर्वी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपरी १० मिनिटे बुडवावी. हातमोजे घालावेत.

(३) पट्टा दिसताच त्यावर पिशवी घालून तो अलगद कापावा, मग बेट मुळासकट खणून जाळावे. पट्टा उघडा ओढत बांधावरून नेऊ नये.

(४) रोगास बळी पडणारा वाण टाळावा. को ७४० चे काय झाले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला २००६ साली काणी शिरली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनाही शेवटी वाणच बदलावे लागले.

दुष्काळानंतर जास्त सावध राहावे. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. अशा वर्षानंतर बेण्याची टंचाई होते, मिळेल तेथून टिपरी येते आणि तिच्याबरोबर काणीही येऊ शकते.

सुगंधी तेलांना जागाच नाही का? आहे. बंद जागेत, जेथे वाफ कोंडून राहते, तेथे साठवणीच्या मालावर त्यांचा उपयोग होऊ शकतो. उसात कोणास प्रयोग करावयाचाच असेल, तर चार सऱ्यांवर करावा, शेजारी चार सऱ्या बिनतेलाच्या ठेवाव्यात आणि नेहमीची बेणेप्रक्रिया दोन्हीकडे करावी. बुरशीनाशक म्हणून विकत घेताना बाटलीवर नोंदणी क्रमांक पाहावा व पक्की पावती घ्यावी. कीटकनाशक कायदा, १९६८ बुरशीनाशकांसही लागू आहे.

शेतात एक जरी काळा पट्टा दिसला, तरी त्याच दिवशी गट ऑफिसात कळवावे. लपवू नये. वाऱ्याला बांध नसतो.

— ऊस विकास अधिकारी