क्रम हाहि शिक्षकच

संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविणें हें काम नित्याचें नव्हे. घरांतील जाणता मुलगाहि तें वर्षादोन वर्षांनीं एकदां करतो, आणि करतांना थोडा धास्तावलेलाच असतो. कारण ज्या डिस्कवर नवी प्रणाली उतरवावयाची, तिच्यावरच पुष्कळदां घरांतील छायाचित्रें, हिशेब आणि लेखन सांठविलेलें असतें. म्हणून हें काम करून देणाऱ्या 'इन्स्टॉलर'ची रचना बदलली म्हणजे लोक इतके कां खवळतात, हें पाहण्याजोगें आहे.

'फेडोरा' ही लिनक्स घराण्यांतील विनामूल्य कार्यप्रणाली. तिच्या इन्स्टॉलरचें नांव 'ॲनाकोंडा'. पूर्वीं तो एकामागून एक प्रश्न विचारी : भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कची वांटणी कशी. १८ व्या आवृत्तीसाठीं त्याचा दर्शनी भाग नव्यानें रचला गेला. ती आवृत्ति नोव्हेंबर २०१२ मध्यें यावयाची, ती लांबत लांबत १५ जानेवारी २०१३ रोजीं आली. या लांबणीस नवा इन्स्टॉलर हेंहि एक कारण होतें. आतां मध्यें एक मुख्य पान आणि त्यास जोडलेलीं निरनिराळीं दालनें; वाटेल तें दालन वाटेल तेव्हां उघडावें. जेथें कांहीं भरावयाचें राहिलें, तेथें इशाऱ्याची खूण दिसे. तें पुरें झाल्यावांचून आरंभाची कळ चालत नसे.

कल्पना वाईट नव्हती. जाणत्याचे नको ते प्रश्न टळत. एकीकडे फायली उतरत असतांना दुसरीकडे परवलीचा शब्द ठरवितां येई. तथापि तक्रारींचा पाऊस पडला. दालनांतून बाहेर पडण्याची 'डन' ही कळ वरच्या डाव्या कोपऱ्यांत. हात मात्र संवयीनें खालीं उजवीकडे जाई. डिस्कच्या वांटणीचें दालन तर पुष्कळांना उमगेच ना. लिनक्सच्या गाभ्यावर वर्षानुवर्षें काम केलेले ॲलन कॉक्स यांनींहि हा इन्स्टॉलर वापरण्याजोगा नाहीं, असें जाहीरपणें म्हटलें व दुसरी प्रणाली धरली. मग नवख्याची काय कथा!

'लोकांना नवें नकोच असतें' असें म्हणून या तक्रारी उडवून लावणें सोपें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. रूपावलीच्या आधीं समास पुढें केला, तर हुशार मुलगाहि गोंधळतो. काम रोज करणाराला मोकळीक हवी. क्वचित् करणाराला बोट धरणारा हवा. इन्स्टॉलरपुढें बहुधा दुसराच बसतो, आणि त्याची एक चूक वर्षांची सांठवण पुसून टाकूं शकते.

कर्त्यांनीं पुढें आवृत्तीमागून आवृत्ति सुधारणा केल्या. एप्रिल २०२५ मध्यें आलेल्या ४२ व्या आवृत्तींत, 'वर्कस्टेशन' या प्रकारासाठीं, इन्स्टॉलरला पुन्हां नवें रूप मिळालें. आणि त्यांत प्रश्न पुन्हां पायरीपायरीनेंच येतात! एकाच प्रश्नाला अर्धा वर्ग चुकला, तर आम्ही मुलांना रागावण्यापूर्वीं आपला प्रश्न पुन्हां वाचून पाहत असूं. यंत्रें रचणारांनींहि तेंच करावें.