साध्याच्या जागी साध्य

लीन या सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणालीत सिद्धता लिहिताना पडद्याच्या डाव्या बाजूला आपण आज्ञा लिहितो. उजवीकडे त्या घडीला हाताशी असलेले पक्ष दिसतात आणि त्यांच्याखाली उरलेलं साध्य. पक्ष, साध्य, सिद्धता हे शब्द शाळेच्या भूमितीपासून आपल्या ओळखीचे. इथे मात्र साध्य ओळीगणिक बदलतं. लिओनार्दो द मौरा यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत माझा बराचसा वेळ एका साध्याच्या जागी त्याच्याशी समान असलेलं दुसरं आणण्यात जातो.

अ + ब + क = अ + क + ब हे साध्य घ्या. वहीत आपण ते एका ओळीत मान्य करून टाकतो. लीनला प्रत्येक पायरीचं कारण लागतं. त्याच्या लेखी डावी बाजू म्हणजे (अ + ब) + क. नियमानुसार साध्याचा एखादा भाग बदलणाऱ्या 'रीराइट' या आज्ञेला क्रमनिरपेक्षतेचा नियम नुसताच दिला, तर ते जुळणारी पहिली बेरीज धरतं, म्हणजे अख्खी डावी बाजूच, आणि हाती येतं क + (अ + ब). त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी साहचर्य लावायचं: अ + (ब + क). मग ब आणि क यांचं नाव घेऊन क्रमनिरपेक्षता: अ + (क + ब). आता पुन्हा साहचर्य दिलं, की ते उजव्या बाजूला लागतं, कारण डावीकडे त्या आकाराचं काही उरलेलंच नसतं. दोन्ही बाजू एक होतात आणि लीन आपणहून साध्य मिटवतं.

'चेंज' ही आज्ञा वेगळी. तिला नियम द्यावा लागत नाही, फक्त नवं साध्य लिहायचं. न + ० = न याच्या जागी न = न लिहिलं तर लीन लगेच मानतं, कारण बेरजेची व्याख्या दुसऱ्या संख्येवर चालते. ० + न = न इथे तेच करून पाहा, साफ नकार मिळतो. ते आधी इंडक्शनने सिद्ध करावं लागतं. कागदावर सारख्याच वाटणाऱ्या या दोन समानतांमधला भेद, एक व्याख्येने आलेली आणि दुसरी सिद्धतेने मिळवलेली, लीनमध्ये काम करताना जितका लख्ख दिसतो तितका मला दुसरीकडे कुठेच दिसला नाही.

पक्षही असेच बदलता येतात. नैसर्गिक संख्यांमध्ये अ < ब या पक्षाच्या जागी 'चेंज'ने अ + १ ≤ ब ठेवता येतं. व्याख्याच तशी आहे.

पुष्कळदा 'चेंज'ची ओळ गाळली तरी सिद्धता चालते, पण मला ती गाळणं पटत नाही. 'रीराइट'ची लांबलचक माळ वाचून मधल्या टप्प्यावर साध्य काय होतं ते कळत नाही. 'चेंज'मध्ये ते लिहिलेलंच असतं. पुढे कुणी व्याख्या बदलली, तर बिघाडही बहुधा त्याच ओळीवर सापडतो.

हे सगळं स्वतः करून पाहायचं, तर केविन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रामफर यांचा 'नॅचरल नंबर गेम' हा लीनमधला खेळ ब्राउझरमध्येच चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात ० + न = न सुरुवातीच्या टप्प्यांतच सिद्ध करायला मिळतं. गणित शिकवणाऱ्यांनी अकरावी-बारावीच्या वर्गात तो एकदा तरी उघडावा.