ड्युरँडचे गोल आणि लीगचे गुण

लेखमाला : कागदावरचा संघ – लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण खेळाडूची किंमत कशी ठरते ते पाहिलं. बहुतेक फँटसी खेळांत ती मागच्या हंगामाच्या कामगिरीवरून लागते, हे आता वाचकांच्या लक्षात असेल. त्यातूनच आजचा प्रश्न उभा राहतो. मागचा हंगाम संपून चार महिने उलटलेत, क्लब बदललेत, प्रशिक्षक बदललेत आणि लीग सुरू व्हायला दोन-तीन आठवडे आहेत. हाताशी ताजं असं एकच असतं, ते म्हणजे हंगामाआधीचे सामने. त्यात चमकलेल्या खेळाडूला संघात घ्यायचं की नाही?

हा प्रश्न कोलकात्याइतका दुसऱ्या कुठल्याही भारतीय शहराला पडत नाही, कारण २०१९ पासून ड्युरँड चषकाचं मुख्य ठाणं इथेच आहे. १८८८ मध्ये सिमल्याच्या परिसरात लष्करी पलटणींसाठी सुरू झालेली ही आशियातली सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा. पुढे ती दिल्लीत अनेक दशकं रमली आणि आता ऐन पावसाळ्यात सॉल्ट लेकच्या युवभारती मैदानावर भरते. अलीकडच्या वर्षांत इंडियन सुपर लीगमधले बहुतेक संघ तिच्यात उतरले आहेत. मानाची स्पर्धा ती आहेच, पण प्रशिक्षकांसाठी ती नव्या हंगामाची तालीमही असते. ड्युरँडची आकडेवारी वाचताना तिचं हे दुहेरी रूप कायम डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हंगामपूर्व सामन्यांतले गोल मोजून खेळाडू घेऊ नका. तो कुठे खेळला, किती मिनिटं खेळला आणि समोर कोण होतं, हे पाहून घ्या.

याचा सर्वात ठसठशीत पुरावा २०२४ च्या १ ऑगस्टचा आहे. त्या दिवशी केरला ब्लास्टर्सने मुंबई सिटीला ८-० असं लोळवलं. क्वामे पेप्राहच्या नावावर तीन गोल, नोआ सदाउईच्या नावावर तीन आणि बदली आलेल्या ईशान पंडिताच्या नावावर दोन. ज्याने फक्त गोलफलक पाहिला त्याने त्या रात्री ब्लास्टर्सची आख्खी आघाडी कागदावर उतरवली असणार. पण मुंबईने त्या स्पर्धेत राखीव फळीतली तरुण मुलं पाठवली होती. पहिल्या पसंतीचा संघ तिथे नव्हताच. सदाउई सहा गोलांसह त्या ड्युरँडचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि तो खेळाडू म्हणून उत्तमच आहे. तरी पुढच्या लीगमध्ये ब्लास्टर्स आठव्या स्थानावर राहिले आणि डिसेंबरमध्येच त्यांना प्रशिक्षक मिकाएल स्टाहरे यांना निरोप द्यावा लागला. आठ गोल खाणाऱ्या मुंबईने लीगमध्ये सहावा क्रमांक मिळवून बाद फेरी गाठली.

आता दोन वर्षं मागे जाऊ. २०२२ च्या ड्युरँडमध्ये याच मुंबई सिटीने खरा संघ उतरवला होता. देस बकिंगहॅम यांच्या हाताखाली लालियनझुआला छांगटे उजव्या बगलेवर खेळला आणि सात गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. अंतिम सामन्यात मुंबई बेंगळुरूकडून १-२ अशी हरली. लीग सुरू झाली तेव्हा छांगटे त्याच जागी होता, भोवतीचे सहकारी तेच होते, त्याला चेंडू मिळण्याच्या वाटाही त्याच होत्या. त्या हंगामात त्याने १० गोल केले, सहा गोलांना साहाय्य केलं आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल पटकावला. मुंबईने सलग १८ सामने अपराजित राहून लीग शील्ड जिंकली. छांगटेचे ड्युरँडमधले सात गोल खरे ठरले, कारण ज्या परिस्थितीत ते झाले ती परिस्थिती लीगमध्येही कायम राहिली.

तोच चषक उचलणाऱ्या बेंगळुरूची गोष्ट मात्र निराळी झाली. लीगचा पहिला अर्धा भाग त्यांना फार जड गेला आणि ते तळाच्या बाजूला घसरले. मग सलग आठ सामने जिंकून त्यांनी थेट अंतिम फेरी गाठली. ड्युरँड विजेते म्हणून ज्यांनी सुरुवातीलाच त्यांचे तीन-चार खेळाडू भरले त्यांना कित्येक आठवडे गुणांचा दुष्काळ सोसावा लागला असेल. २०२३ चं ईस्ट बंगालही असंच. गटात नंदकुमारच्या गोलवर मोहन बागानला हरवलं, साडेचार वर्षांनी डर्बी जिंकली, अंतिम फेरी गाठली आणि लीगमध्ये नववं स्थान आलं. संघाचं यश आणि खेळाडूचे गुण ही दोन वेगळी खाती आहेत.

हंगामपूर्व सामन्यांवरून खेळाडू निवडण्याची विद्या जिथे सर्वात पुढे गेली आहे तो देश ऑस्ट्रेलिया आणि तो खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे त्यांच्या बोलीत फूटी. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. भारताचा संघ २००८ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा उतरला. आपल्याकडे फूटी फार थोडे लोक खेळतात. पण तिथल्या फँटसीची गुणपद्धत समजून घेतली तर आपलेही डोळे उघडतात. लाथ मारून दिलेल्या पासला तीन गुण, मुठीने ढकललेल्या पासला दोन, हवेतला चेंडू झेलला की तीन, प्रतिस्पर्ध्याला यशस्वीपणे रोखलं की चार, गोलला सहा. म्हणजे गोल न करताही माणूस शंभरी ओलांडतो. चेंडू वारंवार ज्याच्या हाती येतो तोच तिथे श्रीमंत.

त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे सरावसामने पाहताना तिथले जाणकार खेळाडूच्या एकूण गुणांपेक्षा त्याच्या कामाची नोंद ठेवतात. मैदानाच्या मध्यावर चेंडू वर फेकून खेळ सुरू होतो तेव्हा त्या जागी कोण उभं असतं? प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकल्यावर गोलजवळून चेंडू परत खेळात आणायचं काम कोणाकडे? हे काम मिळालेला बचावपटू चेंडू घेऊन चौकटीबाहेर धावला आणि मग लाथ मारली, तर ती त्याच्या खात्यात मोजली जाते. गेल्या वर्षी कोपऱ्यात आघाडीला उभा असलेला एखादा तरुण या वर्षी मध्यभागी दिसला, तर त्याची किंमत जुन्या कामाची असते आणि गुण नव्या कामाचे मिळतात. फँटसीतला सगळा नफा या फरकात आहे. सरावसामन्यात त्याने चाळीसच गुण केले, कारण त्याला अर्धाच वेळ खेळवलं, तरी जाणकार त्याला घेतात. उलट एकशेवीस गुण करणारा जुना खेळाडू जुन्याच जागी असेल तर त्याच्यासाठी जास्त पैसे मोजत नाहीत.

ही नजर घेऊन पुन्हा सॉल्ट लेकला येऊ. २०२३ चा अंतिम सामना. अनिरुद्ध थापाला लाल कार्ड मिळालेलं, मोहन बागान दहा जणांवर आलेलं आणि ७१ व्या मिनिटाला सिडनीच्या दिमित्री पेत्रातोसने एकट्याने चेंडू नेत लांबून गोल मारला. गोल देखणाच होता. पण फँटसीच्या वहीत लिहायची गोष्ट दुसरी होती. त्या संघात फ्री किक, कॉर्नर आणि पेनल्टीच्या वेळी लोक त्याच्याकडे पाहत होते, आणि माणूस कमी झाल्यावरही प्रशिक्षकांनी त्याला मैदानातून काढलं नव्हतं. पुढच्या लीगमध्ये त्याचे दहा गोल झाले आणि गोल्डन बॉल त्याच्याकडे गेला. त्यानंतरच्या वर्षी जेमी मॅक्लारेन आणि ग्रेग स्टुअर्ट आले, कामाची वाटणी बदलली आणि पेत्रातोसचे गोल खूप कमी झाले. खेळाडू तोच, क्लब तोच, जबाबदारी वेगळी.

मॅक्लारेनचं उदाहरण तर हंगामपूर्व आकड्यांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. मेलबर्न सिटीसाठी वर्षानुवर्षं गोलांची रास घालून तो २०२४ मध्ये कोलकात्यात आला, पण दुखापतीमुळे ड्युरँडला मुकला. त्याच्या नावापुढे शून्य सामने, शून्य गोल. ऑक्टोबरमध्ये मोहम्मडनविरुद्ध त्याने पहिला गोल केला आणि हंगाम संपला तेव्हा तो बागानचा सर्वाधिक गोल करणारा होता. १२ एप्रिल २०२५ ला बेंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळेतला विजयी गोलही त्याचाच. ज्याला खेळताना पाहिलंच नाही त्याच्याबद्दल हंगामपूर्व सामने काहीच सांगत नाहीत. अशा वेळी त्याची जुनी कामगिरी आणि परतण्याची तारीख एवढंच पाहावं आणि पहिले तीन-चार आठवडे त्याच्यासाठी पैसे राखून ठेवावेत.

मग हंगामपूर्व सामने भरवशाने सांगतात तरी काय? बचावाबद्दल ते बरंच सांगतात, आणि याच गोष्टीकडे सर्वात कमी लोक लक्ष देतात. २०२४ मध्ये बागानला नवे प्रशिक्षक होझे मोलिना आणि बचावाच्या मध्यभागी टॉम ऑल्ड्रेड व अल्बर्टो रॉड्रिगेझ ही नवी जोडी मिळाली. ड्युरँडच्या उपांत्यपूर्व सामन्यात पंजाबने त्यांच्यावर तीन गोल केले, उपांत्य सामन्यात बेंगळुरूने दोन. दोन्ही वेळा विशाल कैथने पेनल्टी अडवून संघाला तारलं आणि सगळं शहर त्याच्या कौतुकात बुडालं. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात बागान २-० ने पुढे होतं. मग नॉर्थईस्ट युनायटेडने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर चषक नेला. तीन सामन्यांत सात गोल खाल्ले गेले, पण चर्चा कैथच्या हातांची होत राहिली.

तेरा दिवसांनी लीग सुरू झाली. मुंबईविरुद्ध पुन्हा २-० ची आघाडी गेली आणि सामना २-२ सुटला. नॉर्थईस्टविरुद्ध जिंकले, पण ३-२ ने. बेंगळुरूत ०-३ अशी हार. पहिल्या तीन सामन्यांत पुन्हा सातच गोल. फँटसीत बचावपटू आणि गोलरक्षक यांची कमाई मुख्यतः गोल न खाण्यावर असते, तेव्हा ज्यांनी कैथ आणि बागानचे दोन बचावपटू पहिल्या दिवसापासून घेतले त्यांना हात चोळत बसावं लागलं. पण यानंतर मोहम्मडनविरुद्ध ३-० आणि ईस्ट बंगालविरुद्ध २-० असे विजय आले, जोडी जमली, आणि हंगामाअखेर सर्वोत्तम गोलरक्षकाचा गोल्डन ग्लव्ह कैथच्याच हातात होता. म्हणून माझा हिशेब असा आहे की ड्युरँडमधून दिसलेली बचावाची अवस्था लीगच्या पहिल्या तीन-चार फेऱ्यांपुरती खरी धरावी, नंतर ती पाटी पुसून टाकावी. आंबवलेल्या पिठासारखी ही माहिती वेळेवर वापरली तरच कामाची.

त्याच अंतिम सामन्यात नॉर्थईस्टचा एक गोल अलाएद्दीन अजराईने केला होता. मोरोक्कोचा हा आघाडीवीर नवाच होता, त्यामुळे भारतातल्या मागच्या हंगामाचा कुठलाच आकडा त्याच्यामागे नव्हता. लीगमध्ये त्याने २३ गोल केले, आणि एका हंगामातला आधीचा विक्रम होता १८ गोलांचा. अशा नवागतांसाठी हंगामपूर्व सामना हीच एकमेव खिडकी असते. तिथे तो बलाढ्य बचावापुढे, दडपणाच्या सामन्यात, प्रत्येक हल्ल्याच्या शेवटी दिसत असेल तर त्याला घ्यायचं धाडस करावं.

समोर कोण होतं, हे मी पुन्हा सांगतो. चोवीस संघांच्या ड्युरँडमध्ये सेनादलांचे आणि काही वेळा शेजारी देशांच्या लष्कराचे संघही असतात. ते जिद्दीने खेळतात आणि त्यांच्याशिवाय ही स्पर्धा ड्युरँड राहणार नाही. पण २०२३ मध्ये बांगलादेश आर्मीविरुद्ध बागानने केलेले पाच गोल आणि अंतिम सामन्यातला एक गोल एकाच तराजूत घालता येत नाहीत. उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने वेगळे मोजावेत. कोलकाता लीगलाही हेच लागू होतं, कारण मोठे क्लब तिथे बहुधा राखीव संघ उतरवतात. तिथले गोल तरुण मुलगा तयार होतोय एवढं सांगतात, त्याला मुख्य संघात जागा मिळेल की नाही ते सांगत नाहीत.

नमुना किती लहान असतो तेही पाहा. अंतिम फेरी गाठणारा संघ ड्युरँडमध्ये जेमतेम सहा सामने खेळतो, गटातच बाद होणारा तीन. २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या अत्याचारानंतर शहर रस्त्यावर उतरलं होतं आणि १८ ऑगस्टची डर्बी रद्द झाली. त्या संध्याकाळी बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडनचे चाहते एकत्र न्याय मागत स्टेडियमबाहेर उभे राहिले. फुटबॉलच्या इतिहासात ती संध्याकाळ कुठल्याही निकालापेक्षा मोठी आहे. आपल्या हिशेबापुरतं एवढंच, की दोन्ही संघांच्या कसोटीचा जो एकमेव गटसामना होता तोच झाला नाही. आणि २०२५ मध्ये तर ऑगस्टमध्ये नॉर्थईस्टने डायमंड हार्बरला ६-१ ने हरवून चषक राखला, अजराईने आठ गोल केले, पण इंडियन सुपर लीग महिनोन्‌महिने लांबली. इतक्या अंतरानंतर ऑगस्टचा फॉर्म धरून बसण्यात अर्थ नव्हता.

इथल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. तुम्ही बागानचे असा की ईस्ट बंगालचे, फँटसीचा संघ भरताना तो झेंडा बाजूला ठेवा. लाडक्या क्लबच्या खेळाडूचा ड्युरँडमधला एक गोल आपल्याला तीन गोलांएवढा वाटतो. दुसऱ्या क्लबच्या खेळाडूने तेच केलं असतं तर घेतला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच नाव लिहा.

पैशांबद्दलही स्पष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि २००८ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या ड्रीम इलेव्हनलाही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मला तो निर्णय योग्य वाटतो. ही लेखमाला मित्रमंडळींत, विनाशुल्क, खेळ जास्त बारकाईने पाहण्यासाठी फँटसी खेळणाऱ्यांसाठी आहे.

पुढच्या ड्युरँडला वहीत प्रत्येक खेळाडूपुढे चार रकाने आखा: मिनिटं, जागा, फ्री किक-पेनल्टी कोण घेतं आणि प्रतिस्पर्धी कोणता. गोलांचा रकाना पाचवा ठेवा. पुढच्या लेखांकात कर्णधार कसा निवडायचा ते पाहू.